मागच्या खोलीतला हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या राळेगावात आठ-दहा दिवस काहीच बदलत नाही. ऊन तेच, पंखा तोच. मग एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं आणि कळतं, आली थंडी. यंदाही तशीच आली. कापूस वेचायला निघालेल्या बायांचा टेम्पो घरासमोरून गेला, तेव्हा साऱ्या जणींनी कानाला रुमाल गुंडाळले होते. मी लोखंडी कपाटातून स्वेटर काढला, डांबरगोळ्यांचा वास अंगणात झटकला, आणि खालच्या कप्प्यातली कागदी पिशवी आणून ओट्यावर उपडी केली.

पिशवीतून निघाले ते रॅननक्युलसचे कंद. चिमटीत मावतील एवढे, तपकिरी, सुरकुतलेले, खाली पाच-सहा बोटांचे पंजे असलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, कुणी वाळलेले कोळी जमवून ठेवलेत. यांच्यातून फूल येतं यावर विश्वास ठेवायला जरा वेळ लागतो. मी ते वाडग्यात घातले, वर कोमट पाणी ओतलं आणि भिंतीवरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. चार तास. त्याहून जास्त नाही. त्या वेळात मी भाजी निवडते, वरण लावते, पण डोळा घड्याळावर असतो. चार तासांत तो वाळका कोळी पाणी पिऊन गुबगुबीत होतो, रंगानं उजळतो, आणि हातात घेतला की जड लागतो. एवढ्याशा वेळात एखाद्या जिवाची तहान भागलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

तेव्हा मात्र मी घड्याळ ठेवलं नव्हतं.

तेव्हा म्हणजे नाझनीनच्या लग्नाच्या हिवाळ्यात. नाझनीन ही शेजारच्या सलीमभाईंची एकुलती एक मुलगी. सलीमभाईंचं आणि माझं घर एका भिंतीला लागून. त्यांच्या दारापुढे टिनाचं शेड आहे, तिथे ते उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतात आणि हिवाळ्यात शेतातल्या मोटरी बांधतात. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत सुरू झालं की मोटरी जळतात, आणि सलीमभाईंच्या शेडमध्ये तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास सुटतो. माझ्या हिवाळ्याला तोच वास आहे. नाझनीन नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर तिच्या शाळेच्या वेण्या माझ्याच ओट्यावर बसून घातल्या गेल्या. मी लग्न केलं नाही. कृषी कार्यालयातली नोकरी, तालुक्यातली गावं, आणि संध्याकाळी एक बडबडी पोरगी भूमितीचं पुस्तक घेऊन दारात. ती मला मावशी म्हणते, तिचे अब्बू मला ताई म्हणतात. नात्याचा हिशेब कुणी लावला नाही.

तिचं लग्न ढाणकीला ठरलं. मुलगा इमरान, पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, शांत स्वभावाचा. फेब्रुवारीच्या मध्यावर, रमजानच्या आधी निकाह. ऑक्टोबर सरता सरता एका संध्याकाळी नाझनीन मोबाइल घेऊन आली. मागे तिचे अब्बू, वंगणाचे हात रुमालाला पुसत.

"मावशी, हे पाहा."

मोबाइलमध्ये कुठल्यातरी परदेशी नवरीच्या हातात फुलं होती. फिक्या नारिंगी रंगाची, कांद्यासारखी पाकळीवर पाकळी, आणि पाकळ्या अशा पातळ की पतंगाच्या कागदाच्या वाटाव्या.

"बाकी लग्न तुमच्या मनानं करा म्हणलं मी अब्बूले. शालू कोणता, जेवण काय, मी काही नाही म्हणत. मले फक्त हे पाह्यजे. केसात."

"आता हे रानकुल्लस का काय, हे कुठून आणू मी?" सलीमभाई म्हणाले. त्यांच्या तोंडी ते नाव शेवटपर्यंत तसंच राहिलं. "यवतमाळच्या फुलवाल्याले विचारलं. थो म्हणे, गुलाब घेऊन जा. ताई, हे आपल्या इकडे येते का?"

मी नाझनीनकडे पाहिलं. तिचा चेहरा तोच होता, भूमितीचं गणित सुटत नसलं की माझ्याकडे वळायचा तो.

"येईल की," मी म्हणाले. "न यायला काय झालं?"

एकतीस वर्षं मी लोकांना पेरणी शिकवली होती. बियाण्याला औषध कसं लावायचं, उगवण कशी तपासायची, कुठल्या जमिनीत काय घ्यायचं. बांधावर उभी राहून मी मोठमोठ्या माणसांना दटावलं होतं. एका फुलाचं काय ते!

कंद नाझनीननंच मागवले. पार्सल आलं त्यात सोबत बारीक अक्षरांचा कागद होता. तो मी चष्मा लावून वाचायला हवा होता. मी तो घडी घालून डब्याखाली ठेवला. मला काय कोण शिकवणार, असं मनात शब्दांनी आलं नाही, पण हातानं तेच केलं.

जागा मात्र बरोबर निवडली. माझ्या घराची मागची खोली उत्तरेकडे तोंड करून आहे. शहाबादी फरशी, एक खिडकी, खिडकीबाहेर लिंबाची सावली. आमच्याकडे मे महिन्यात भिंतीसुद्धा भाजतात, पण ही खोली उन्हाळ्यातही बाकी घरापेक्षा दोन पावलं मागे असते, आणि हिवाळ्यात तर दुपारीही तिथे पायात मोजे लागतात. या फुलाला थंडी हवी, पण कडक ऊन नको. आपल्या अंगणातलं ऊन त्याला सोसणार नाही, एवढं मला समजलं होतं. खिडकीशी लाकडी बाक ओढला, त्यावर दहा कुंड्या मांडल्या. माती भुसभुशीत केली, शेणखत चाळून घातलं. आणि कंद रात्रभर भिजत घातले. हरभरे घालतात तसे.

सकाळी ते चांगले टरारून फुगले होते. मला आनंदच झाला. लावले, वर भरपूर पाणी घातलं, आणि रोज घालत राहिले.

दहा-बारा दिवस झाले तरी वर काही येईना. एका दुपारी खोलीत शिरले तर वास आला. कुजलेल्या बटाट्याचा असतो तसा, गोडसर आणि ओला. मी बोटानं माती उकरली. कंद हाताला लागला आणि बोटातच विरघळला. दुसरी कुंडी, तिसरी, दहाच्या दहा. मी बाकावर बसले. बाहेर लिंबावर खारी पळत होत्या. सलीमभाईंच्या शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. घड्याळात तीन वाजले होते, नाझनीन पाचला येणार होती. रोजच यायची ती, चप्पल दारात काढून थेट मागच्या खोलीत, मातीकडे पाहायला.

डब्याखालचा कागद काढून वाचला. तीन ते चार तास भिजवावे, असं पहिल्याच ओळीत होतं. कोंब येईपर्यंत पाणी अगदी बेतानं, हे दुसऱ्या ओळीत.

माझ्या हातून पिकं बिघडलेली नव्हती असं नाही. पण ती दुसऱ्याची होती, आणि कार्यालयातून परत येताना वाटेत मनाला काहीतरी समजावता यायचं. या दहा कुंड्यांचं काय समजावणार? मी ते सगळं मागच्या खताच्या खड्ड्यात पुरलं, कुंड्या धुतल्या, नवी माती भरली, आणि मोबाइलवरून स्वतःच नवे कंद मागवले. पाच वाजता नाझनीन आली.

"काही हालचाल, मावशी?"

"झोपलेत अजून," मी म्हणाले.

एवढंच. खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"झोपू द्या," ती म्हणाली. "तुमी म्हणता त उठतीन."

नवे कंद यायला डिसेंबर उजाडला. पहिल्या लावणीला तोवर महिना झाला होता. हे कंद घड्याळ लावून भिजवले, पंजे खाली करून दोन बोटं खोल बसवले, आणि पाणी असं घातलं की चमच्यानं औषध पाजावं. मधल्या त्या दिवसांत नाझनीन रिकाम्या कुंड्यांपुढे येऊन उभी राहत होती. काहीच नसलेल्या मातीशी बोलत होती. "चला, उठा आता, अर्धा हिवाळा गेला," असं म्हणायची. मी दाराशी उभी राहून तुरीच्या शेंगा सोलत असायची. शेंगांचे दाणे वाटीत पडत आणि मला वाटे, वर बघू नये.

तो हिवाळा बाकी फार सुंदर होता. आता आठवतो तर जिभेवर येतो. हरभऱ्याचा कोवळा पाला तोडून आणायचा, त्यात मीठ-तिखट आणि कच्चं तेल घालून घोळाणा करायचा, भाकरीवर घेऊन उन्हात बसून खायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतला कापूस अडकलेला, जणू काट्यांनाच बोंडं फुटलीत. सकाळी धुकं इतकं की एसटीचा हॉर्न आधी यायचा आणि एसटी मागून. नाझनीनच्या दुपट्ट्यांना किनार लावायचं काम माझ्याकडे होतं. मी मागच्या खोलीतच शिवत बसायची, कुंड्यांच्या राखणीला. ख्रिसमसच्या सुटीच्या आसपास मातीला भेग पडली आणि वाकलेल्या मानेचा हिरवा कोंब वर आला. नाझनीननं इतक्या मोठ्यानं हाक मारली की सलीमभाई हातातली मोटर तशीच टाकून धावत आले.

"उठले! मावशी, उठले!"

"अरे बाप्पा," सलीमभाई वाकून पाहत म्हणाले, "हे त कोथिंबीर दिसते."

पानं खरंच कोथिंबिरीसारखी होती, जरा जाड. तिघंही हसलो. मी त्यांच्याबरोबर हसले, हे मला अजून टोचतं.

जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या तिळगुळानंतर, सलीमभाई खोलीत ट्यूबलाइट लावायला आले. दिवस मोठा वाटला की हे फूल लवकर येतं असं त्यांनीच कुठेतरी मोबाइलवर पाहिलं होतं. स्टुलावर चढून ते तार जोडत होते आणि बोलत होते.

"ताई, नव्वद दिवस लागते म्हणे याले. नोव्हेंबरात लावलं. मंग फेब्रुवारीच्या पह्यल्या आठवड्यात फुलाले पाह्यजे. अन् आता जानेवारी अर्धा झाला, याईले कळी नाई की काही नाई. काहून बरं?"

पेचकस त्यांच्या हातात होता. चेहरा वर, तारेकडे. प्रश्न साधा होता. त्यांना माझ्यावर शंका नव्हती, फुलावर होती. तेच मला सहन झालं नाही.

"सलीमभाई, खाली उतरा," मी म्हणाले. "ही ती नाहीत."

मी सगळं सांगितलं. रात्रभर भिजवलं ते, वास आला ते, खड्डा, नवे कंद, आणि "झोपलेत" म्हणाले तेसुद्धा. ते ऐकत राहिले. मग त्यांनी तारेला चिकटपट्टी लावली, स्टूल जागेवर ठेवलं, पेचकस खिशात घातला.

"चलतो ताई," म्हणाले आणि गेले.

तीन दिवस ते आले नाहीत. शेडमधून हातोडी ऐकू यायची, पण भिंतीपलीकडून रोजची "ताई, चहा झाला का?" ही हाक आली नाही. चौथ्या दिवशी नाझनीन आली. दुपारची वेळ, केस ओले.

"मावशी, तुमचं अन् अब्बूचं काय झालं? मी विचारलं त म्हणते, ताईलेच विचार."

म्हणजे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. ते माझ्यासाठी ठेवलं होतं. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं असं म्हणता येणार नाही.

नाझनीननं बाकापाशी जाऊन एका कुंडीचं पान बोटानं सरळ केलं. मग वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता.

"सडले त सडले. मले त्याचं काही नाई. पण मले काहून नाई सांगतलं? मी रोज येऊन त्या रिकाम्या मातीशी बोलून राह्यली होती. येड्यावाणी. तुमी इथं उभ्या राहून पाहून राह्यल्या होत्या."

"हो," मी म्हणाले.

"लग्नात नाई येत ना मंग आता फूल?"

"नाही येणार बहुतेक. मार्च उजाडेल."

"अब्बूले हे बी माहीत आहे?"

"माहीत आहे."

ती खाली फरशीवर बसली. मीही बसले. फरशी थंडगार होती. मग तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुमाले किती भेव वाटलं असन ना, मावशी? मले तुमचं जितकं भेव वाटते, तितकंच तुमाले माह्यं वाटलं का?"

मला रडू आलं ते तेव्हा. तोवर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई एक जुना टेबलफॅन, कूलरची ताटी आणि छोटा पंप घेऊन दारात हजर. "फेब्रुवारीत खोली तापन," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. खिडकीत ताटी बसवली, बादलीत पंप सोडला, वाळ्याच्या ताटीवरून पाणी झिरपायला लागलं आणि खोलीभर उन्हाळ्याचा ओला वास पसरला. ऐन जानेवारीत. काम झाल्यावर चहा घेताना ते कपाकडे पाहत म्हणाले, "ताई, नासले तवाच तुमी सांगतलं असतं, त मी गाडीवर जाऊन नागपूरहून आणले असते. पोरगी का तुमची एकलीचीच आहे?"

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. मला वाटायचं त्यांना खोटं लागलं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. चूक झाली तेव्हा मी दार लावून घेतलं होतं आणि त्यांना बाहेर ठेवलं होतं. इतकी वर्षं एका भिंतीशी राहून.

लग्नाच्या दिवशी सकाळी, तिला सजवायच्या आधी, नाझनीन मागच्या दारानं आली. कोपरापर्यंत मेंदी, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. दहातल्या आठ झाडांना कळ्या होत्या, वाटाण्याएवढ्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. लांब देठावर मान खाली घालून उभ्या. तिला हात लावता येत नव्हता. ती वाकून त्यांच्या अगदी जवळ गेली.

"घाई करू नका," तिनं कळ्यांना सांगितलं. "आरामशीर या."

मग माझ्याकडे न पाहताच निघून गेली. तिच्या केसात त्या दिवशी मोगरा होता, यवतमाळहून आणलेला, आणि गुलाब. फार छान दिसत होती. दुपार कलता गाडी ढाणकीकडे गेली आणि सलीमभाई शेडपुढच्या खुर्चीवर बसून राहिले, संध्याकाळचा चहा गार होईपर्यंत.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या दोन घरांत आवाज नव्हता. सलीमभाई रोज सकाळी नाझनीनला फोन लावायचे, स्पीकरवर, मलाही ऐकू यावं म्हणून. "जी अब्बू. ठीक आहे. हो, जेवली. सगळे चांगले आहेत." इतकंच. ही आमची नाझनीन, जी बसमधून उतरल्यापासून घरात शिरेपर्यंत अख्खा दिवस सांगून मोकळी व्हायची. तक्रार काहीच नव्हती. तक्रार असती तर बरं, असं ते एकदा म्हणाले. फोन ठेवला की ते मागच्या खोलीत येऊन पंपाचं पाणी बघायचे. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पळसाला रंग चढला होता, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं एका खोलीत हिवाळा धरून ठेवत होतो.

मार्च लागला आणि पहिलं फूल उमललं. फिकं नारिंगी, कडेला जरा गुलाबी. एका दिवसात नाही उमललं. सकाळी एक घेर सैल झाला, दुपारी दुसरा, दुसऱ्या दिवशी वाटीएवढं झालं आणि तरी आत पाकळ्या होत्याच. सलीमभाईंनी हात पाठीमागे बांधून ते पाहिलं. मग नाक जवळ नेलं.

"वास नाई?"

"नाही."

"इतकं करून वास नाई?" ते हसायला लागले. खूप दिवसांनी हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "ताई, चला. घेऊन जाऊ."

"तोडून?"

"तोडून कायले? कुंड्याच नेऊ. रमजान लागाच्या आत पोहोचू."

तोवर बाकीच्याही कळ्या उमलू लागल्या होत्या. पाच कुंड्या निवडल्या. एका पेटीत तीन, दोन आमच्या मांडीवर. राळेगावहून यवतमाळ, तिथून आर्णी, महागाव, उमरखेड, आणि मग ढाणकी. सकाळी पहिल्या एसटीनं निघालो, ऊन चढायच्या आत जमेल तेवढं पुढे जावं म्हणून. खिडकीला मी ओली चादर लावली. कंडक्टरनं विचारलं, खरी आहेत की कागदाची? आर्णीला चढलेली एक बंजारा बाई माझ्या शेजारी बसली, तिनं एका बोटानं पाकळी उचलून पाहिली, आतली उचलली, तिच्या आतली उचलली, आणि मला म्हणाली, "किती हायेत गं माय? संपतच नाई." तिच्या स्टॉपपर्यंत ती मोजत होती. उतरताना आकडा विसरली. उमरखेडच्या पुढे हवेत हळद शिजल्याचा वास होता. रस्त्याकडेला कढया लागल्या होत्या, आणि वाळत घातलेल्या हळदीनं वावरंच्या वावरं पिवळी झाली होती. फुलं थोडी मलूल झाली, पण टिकली.

नाझनीनच्या सासूबाई उंच, कमी बोलणाऱ्या. आम्हाला मानानं बसवलं, सरबत दिलं. घर नीटनेटकं, अंगण झाडलेलं. नाझनीन डोक्यावर ओढणी घेऊन आली, अब्बूंना सलाम केला, माझ्या गळ्यात पडली आणि लगेच दूर झाली. कुंड्या पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. पण बोलली नाही. सासूबाईंनी फुलांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "अंगन में रख दो, इधर धूप अच्छी आती है."

मी बोलायला तोंड उघडलं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी गप्प बसले.

"अम्मी," नाझनीन म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "इनको धूप नहीं चलती. ठंडी जगह लगती."

"ठंडी जगह कहाँ है इस घर में?"

"पिछले कमरे की खिडकी. उत्तर की तरफ है वो. सामने गेहूँ की कोठी है इसलिए खुलती नहीं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती कोठी त्या खिडकीपुढे किती वर्षं होती कुणास ठाऊक. पत्र्याची, माणसाच्या छातीएवढी उंच, गव्हानं भरलेली. नाझनीनची बोटं ओढणीचं टोक गुंडाळत होती. पण नजर खाली नव्हती.

"तूने देखा है कि वो उत्तर है?" सासूबाईंनी विचारलं.

"पहले दिनसेच देख रही हूँ."

सासूबाई उठल्या. ओढणी कमरेला खोचली. "इमरान!" त्यांनी दुकानाकडे तोंड करून हाक मारली. "आ इधर. कोठी सरकानी है."

इमरान आला, सलीमभाई उठले, मीही उठले. कोठी जागची हलेना. आधी वरचा गहू पोत्यांत काढावा लागला, मग पाच जणांनी मिळून ती खरवडत, खरवडत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली. खाली जाळी, धूळ, कुणाचं तरी हरवलेलं पैंजण. ते पैंजण सासूबाईंचंच निघालं. त्या ते हातात घेऊन हसल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं वय कळलं, माझ्याहून लहानच होत्या. खिडकीची कडी गंजली होती. इमराननं दुकानातून तेल आणलं. खिडकी उघडली आणि खोलीत गार, निवळ उजेड आला. नाझनीननं पाचही कुंड्या स्वतः उचलून खिडकीत लावल्या. मधेच एक फूल खुडलं आणि, मला वाटलं स्वतःच्या केसात खोवेल, ते सासूबाईंच्या हातात दिलं.

जेवण करून आम्ही निघालो. उमरखेडची बस साडेतीनला होती. गल्ली घराला वळसा घालून मागच्या बाजूनं बसस्टँडकडे जाते. त्या उघड्या खिडकीखालून जाताना आतून नाझनीनचा आवाज आला.

"नहीं अम्मी, रोज पानी नहीं. माटी को हाथ लगाके देखना, सूखी लगी तोच देना. हमारे यहाँ मौसी ने तो पूरे दस सडा दिए थे, मैं बताती हूँ आपको, हुआ क्या..."

आणि ती सांगायला लागली. पहिल्यापासून. मोबाइलमधल्या फुलापासून. मधे सासूबाईंचं हसू ऐकू आलं. मला लाज वाटायला हवी होती, पण मी भिंतीला हात टेकून ऐकत उभी राहिले. सलीमभाई रिकामी पेटी काखेत धरून थांबले होते. मान जरा तिरकी, मोटर सुरू झाल्यावर ती बरोबर चालते का हे ऐकताना असते तशी.

"बोलून राह्यली," ते म्हणाले.

मग आम्ही बसस्टँडकडे चालायला लागलो.